पब कोणाचा? लंडन ते कार्लाइल, मामांसोबत

मामा दारू पीत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे गैरसमज नको. सांगलीच्या सहकारी बँकेत उभी हयात गेली, निवृत्तीनंतर लेकीकडे स्लाऊला राहायला आले आणि पंधरवड्यात कंटाळले. मला इंग्लंडातले जुने पब बघत बघत लंडनहून उत्तरेला कार्लाइलपर्यंत जायचं होतं आणि सोबतीला कुणी नव्हतं. "बाटल्या बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" असं म्हणत म्हणत मामांनी बॅग भरली. सप्टेंबर सरत आला होता. पाऊस रोजचा, पण भिजवण्यापेक्षा चिडवण्यापुरताच.

शनिवार-रविवार, लंडन

सुरुवात साउथवार्कच्या 'द जॉर्ज इन'पासून केली. बरो मार्केटमधल्या चीज आणि तळलेल्या माशांच्या वासातून बाहेर पडलं की हाय स्ट्रीटला एक बोळ फुटतो. आत फरसबंद चौक, आणि चौकाच्या एकाच बाजूला लाकडी सज्जे असलेली लांबलचक इमारत. १६७६च्या आगीत साउथवार्कचा मोठा भाग जळाला, त्यानंतर १६७७मध्ये ही सराई नव्याने उभी राहिली. घोडागाड्या चौकात येऊन थांबायच्या, प्रवासी वरच्या खोल्यांत मुक्काम करायचे, घोडे बदलले जायचे. अशा सज्जेवाल्या सराया लंडनमध्ये पुष्कळ होत्या. आता ही एकच उरली आहे. १८३६मध्ये हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिज स्टेशन झालं आणि घोडागाड्यांचा धंदा बसत गेला. पुढे ही जागाच एका रेल्वे कंपनीच्या हाती गेली आणि १८८९मध्ये तिने सराईच्या बाकीच्या बाजू पाडून टाकल्या.

मामांनी सज्ज्याच्या खांबावरून हात फिरवला आणि विचारलं, "आता मालक कोण?"

"नॅशनल ट्रस्ट. १९३७पासून."

"म्हणजे सरकार?"

"नाही, धर्मादाय संस्था. पन्नास लाखांहून जास्त सभासद आहेत."

"पन्नास लाख!" बँकेच्या माणसाला सभासदसंख्येचं जे वाटतं ते आपल्याला कळायचं नाही. पण हा प्रश्न त्यांना चिकटला तो चिकटलाच. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पबात शिरल्या शिरल्या त्यांनी तोच विचारला, आणि खरं सांगायचं तर माझ्या यादीतल्या सगळ्या तारखांपेक्षा तो जास्त उपयोगी पडला.

रविवारी दुपारी नन्हेडला गेलो. पेकहॅमच्या पलीकडची ही साधी निवासी वस्ती, पर्यटक इथे फिरकत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर 'द आयव्ही हाउस' हा १९३०च्या दशकातला पब आहे. आत गडद लाकडी पॅनेल आणि मागच्या खोलीत छोटं स्टेज. सत्तरच्या दशकात इथे इयन ड्युरीसारखे रॉक गायक गाऊन गेलेत. २०१२मध्ये पब अचानक बंद झाला आणि इमारत बिल्डरकडे जाणार असं दिसू लागलं. त्याच सुमाराला २०११चा लोकलिझम कायदा लागू झाला होता. त्यानुसार गावाला किंवा मोहल्ल्याला मोलाची वाटणारी इमारत नोंदवून घेता येते. मग मालकाने विकायला काढली तर रहिवाशांना पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मागता येते. या यादीत नाव लागलेला देशातला पहिला पब हाच. ३७१ जणांनी भाग घेतले, वर कर्ज काढलं, आणि २०१३मध्ये पब पुन्हा उघडला.

आम्ही गेलो तेव्हा संडे रोस्टची वेळ होती. एका टेबलाखाली दोन कुत्री, दुसऱ्या टेबलाशी बाबागाडी, तिसऱ्याशी एक आजोबा एकटेच शब्दकोडं सोडवत बसलेले. मामांसाठी नट रोस्ट घेतलं: दाणे, डाळी आणि पाव यांचा वडीसारखा भाजलेला तुकडा, सोबत भाजलेले बटाटे आणि फुगलेलं यॉर्कशायर पुडिंग. "पुडिंग म्हणतात आणि गोड नाही," एवढी एकच तक्रार आली. बाजूच्या फळ्यावर योग, विणकाम, लहान मुलांचं गाणं, क्विझ असे आठवड्याचे कार्यक्रम लिहिले होते. बिअर विकून पोट भरत नाही, म्हणून हे सगळं. सन २०००च्या आसपास ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास राहिलेत. सुपरमार्केटात स्वस्त बिअर, २००७पासून आत धूम्रपानाला बंदी, वाढलेले कर, आणि लंडनसारख्या ठिकाणी तर पबापेक्षा त्याखालची जमीनच महाग.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं. टेबलाशी बसून वेटरची वाट पाहू नका, कुणी येत नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं; तुमच्या आधीचा माणूस दाखवून दिलात तर बारवाली तुम्हाला लगेच आपलं म्हणते. पूर्ण पिंट ५६८ मिलीलिटरचा असतो, अर्धा सर्रास मिळतो. हातपंपाची बिअर कशी लागते ते चाखायला घोटभर मागितली तर कुणी नाक मुरडत नाही. न पिणाऱ्यांनी 'लाइम अँड सोडा' मागावा: स्वस्त, आणि मामांच्या मते "आपल्याकडच्या सरबतापेक्षा फिकं, पण चालतं". स्वयंपाकघर मात्र पबाच्या आधी बंद होतं. रात्री नऊनंतर जेवणाची आशा धरू नये.

सोमवार, नॉटिंगहॅम

सकाळी सेंट पँक्रसहून गाडी. दोघं एकत्र फिरत असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. फक्त कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधीच्या गाड्यांना ते चालत नाही.

नॉटिंगहॅमला किल्ल्याच्या कड्याला टेकून 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' उभा आहे. पांढऱ्या भिंतीवर ठळक अक्षरांत ११८९ हे साल आणि इंग्लंडमधली सर्वांत जुनी सराई असल्याचा दावा. ११८९ म्हणजे रिचर्ड राजा गादीवर आला ते साल. त्याचे धर्मयोद्धे जेरुसलेमला निघताना इथे पिऊन गेले, ही कथा. प्रत्यक्षात उभी इमारत बरीचशी सतराव्या शतकातली, आणि हे नावही अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास कागदोपत्री येतं. गावातच 'ये ओल्ड सॅल्युटेशन' आणि 'द बेल' हे दोन प्रतिस्पर्धी आहेत. त्यांपैकी बेलच्या तुळयांची तपासणी झाली आहे. लाकूड पंधराव्या शतकातलं निघालं. म्हणजे पाटी एकाची मोठी, पुरावा दुसऱ्याचा. मला हे जुनेपणाचे दावे फारसे रुचत नाहीत. आठशे वर्षांत तिथे कोण बसत होतं हे सांगता येत नसेल तर नुसत्या सालाचं काय करायचं?

तरी 'ट्रिप'च्या आत शिरा, कारण खोल्या सरळ वालुकाश्मात कोरलेल्या आहेत. या शहराखाली आठशेहून जास्त गुहा सापडल्या आहेत; दगड मऊ, खोदायला सोपा, आणि आत बारा महिने गारवा. बिअर साठवायला यापेक्षा बरी जागा कोणती? वरच्या एका खोलीत काचेच्या पेटीत धुळीने माखलेलं छोटं गलबत ठेवलंय. पुसायला जाणारा मरतो म्हणे, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. "साफसफाई टाळायला सबब चांगली आहे," मामा म्हणाले.

मामांना खरं वेड लावलं ते 'रिंग द बुल'ने. छतापासून दोरी, दोरीला कडी, भिंतीवर बैलाचं शिंग; कडी झोका देऊन शिंगात अडकवायची. कॉलेजातल्या एका मुलाने मनगट कसं सैल ठेवायचं ते दाखवलं. मी बाहेर पावसात फोटो काढून आले तोवर मामांच्या भोवती चार-पाच जण जमले होते, आणि कडी शिंगात बसली तेव्हा झालेला आरडाओरडा मला दारातून ऐकू आला.

मंगळवार, बर्टन अपॉन ट्रेंट

बर्मिंगहॅमला जाणारी गाडी वाटेत बर्टनला थांबते. उतरल्या उतरल्या हवेत एक खारट, भाजका वास येतो. तो बिअरचाच असेल असं नाही, मार्माइटचाही असतो. ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, उरलेल्या यीस्टपासून तो काळा लगदा इथे १९०२पासून बनतोय. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मामांनी टोस्टवर जॅमसारखा जाड थर लावला आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्याशी खरा धागा बर्टनमध्ये जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या गोऱ्यांना विलायती बिअर हवी असायची. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, महिनेच्या महिने लागायचे. लंडनच्या पूर्वेला बो इथल्या हॉजसनची फिकट, जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी, ती टिकवणारी फुलं) घातलेली बिअर हा प्रवास झेलायची, आणि जहाजांच्या कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा, म्हणून बाजार बराच काळ त्याच्याकडे राहिला. १८२२च्या सुमाराला कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला या धंद्यात उतरायला सुचवलं. पहिला नमुना त्याच्या माणसाने चहाच्या किटलीत केला, असं सांगतात. गंमत म्हणजे बर्टनचं जिप्समयुक्त जड पाणी या बिअरला लंडनच्या पाण्यापेक्षा जास्त मानवलं, आणि हॉजसन मागे पडला. आज पुण्या-मुंबईच्या ब्रू-पबमध्ये 'आयपीए', म्हणजे इंडिया पेल एल, मागवणाऱ्यांनी एकदा बर्टनला यायला हरकत नाही.

संध्याकाळी 'कूपर्स टॅव्हर्न'मध्ये गेलो. हा पब पूर्वी बास ब्रुअरीचा. लाल त्रिकोणवाली बास तीच. १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या क्रमांकाची नोंद याच त्रिकोणाची. मागच्या खोलीत काउंटर असा नाहीच. पिंपं आडवी ठेवलेली, तोटीतून थेट पेल्यात. फ्रिजसारखी थंडगार नाही, तळघराइतकीच गार. चव हळूहळू कळते.

मामांनी नेहमीचा प्रश्न टाकला आणि शेजारच्या काकांनी अर्धा तास घेतला. एकेकाळी बहुतेक पब ब्रुअऱ्यांच्याच मालकीचे. पब चालवणारा भाडेकरू, आणि करारात अट अशी की बिअर आमचीच विकायची. १९८९मध्ये सरकारने मक्तेदारी मोडायला हुकूम काढून, दोन हजारांहून जास्त पब असलेल्या बड्या ब्रुअऱ्यांच्या या बांधिलकीवर मर्यादा आणली. ब्रुअऱ्यांनी हजारो पब विकले, ते घेतले मोठमोठ्या कंपन्यांनी, ज्या स्वतः बिअर गाळतच नाहीत. भाडं घेतात आणि बिअरही त्यांच्याकडूनच घ्यायला लावतात.

"म्हणजे सावकार बदलला," मामा मराठीत म्हणाले. मी भाषांतर केलं तेव्हा काका टेबलावर हात आपटून हसले.

बुधवार, स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविच

खरं तर सगळा प्रवास मी या एका दिवसासाठी आखला होता. बर्मिंगहॅमला लागून असलेला हा 'ब्लॅक कंट्री'. ओतकामाचे कारखाने, भट्ट्या, धूर. महायुद्धानंतर कामगार कमी पडले, तेव्हा पंजाबातून माणसं आली. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून संध्याकाळी पबात गेली, तर तिथे एक न लिहिलेला नियम: तुम्ही बारमध्ये प्या, गालिचे अंथरलेल्या 'स्मोक रूम'मध्ये नाही. काही ठिकाणी तर दारातूनच परत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल यांनी याविरुद्ध साधी युक्ती लढवली. गोऱ्या विद्यार्थी मित्रांना सोबत घ्यायचं, पबामागून पब पालथे घालायचे, कुणाला पेला मिळतो आणि कुणाला नाकारतात याचे साक्षीदार तयार करायचे आणि परवान्याला हरकत घ्यायची.

१२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. मार्शल स्ट्रीटवरची घरं विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यायचा बेत तेव्हा इथल्या नगरपालिकेत शिजत होता. जोहल त्यांना 'ब्लू गेट्स' पबच्या स्मोक रूममध्ये घेऊन गेले. तिथे त्यांना काही द्यायला नकार मिळाला, शेवटी बारमध्ये बसावं लागलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला रेस रिलेशन्स कायदा लागू झाला आणि पबांतला असा भेदभाव बेकायदा ठरला. मार्शल स्ट्रीटवर आता त्या भेटीची निळी पाटी आहे. रस्ता अगदी साधा, विटांच्या चाळवजा घरांचा. एका घरासमोर आजीबाई कोथिंबिरीची कुंडी आत घेत होत्या, कारण पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

कायदा झाला तरी पबांतलं वातावरण एका रात्रीत बदललं नाही. पुढे कारखाने बंद पडत गेले, जुने गिऱ्हाईक वस्ती सोडून गेलं, पब ओस पडू लागले, आणि ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांच्यातल्यांनीच एकेक पब चालवायला घेतला. त्यांना आज 'देसी पब' म्हणतात. आम्ही वेस्ट ब्रॉमविचच्या 'रेड लायन'ला गेलो. बर्मिंगहॅमहून ट्रामने येता येतं, पुढे थोडं चालणं. बाहेरून टिपिकल इंग्रजी पब. आत रंगीत काचांच्या खिडकीत भारतातून आलेल्या लोकांची कहाणी रंगवलेली, आणि लोखंडी तव्यावर चरचरत येणारं 'मिक्स्ड ग्रिल'. कांद्याच्या गादीवर टिक्का, सीख कबाब, चॉप्स. धूर टेबलापासून छतापर्यंत. शाकाहारी माणसाने घाबरू नये. मामांना पनीर टिक्का आणि मोगो मिळाले. मोगो म्हणजे तिखटमीठ लावून तळलेला कसावा, पूर्व आफ्रिकेहून आलेल्या आपल्या लोकांनी इकडे रुळवलेला. दोघांत एकच ग्रिल मागवा, ताट मोठं असतं.

शेजारच्या टेबलावर एक पंचाऐंशीच्या घरातले सरदारजी अर्धा पिंट घेऊन बसले होते, समोर त्यांच्याच वयाचा एक गोरा. दोघं एका फाउंड्रीत होते. मामांनी हिंदीत चौकशी केली आणि सरदारजी खुलले. जालंधरजवळच्या गावातून साठच्या दशकात आलेले. "उस तरफ़ कालीन था, हमारी तरफ़ नंगा फ़र्श," ते म्हणाले, आणि बोटाने हवेत रेघ मारली. गोऱ्या मित्राला हिंदी येत नव्हतं, पण रेघ कळली. तो म्हणाला, "मी तेव्हा गालिच्याच्या बाजूला बसायचो. आणि काही बोललो नाही." सरदारजींनी त्याच्याकडे न बघता तव्यावरचा शेवटचा चॉप त्याच्या ताटलीत टाकला.

"मालक कोण?" हे मामांनी या एकाच ठिकाणी विचारलं नाही.

शुक्रवार, कार्लाइल

गुरुवार आराम आणि कपडे धुण्यात गेला. शुक्रवारी गाडी लँकेशर ओलांडून डोंगरांत शिरली. खिडकीबाहेर मेंढ्या, दगडी कुंपणं, आणि आडवा पाऊस.

इथे मामांच्या प्रश्नाचं उत्तर चक्क 'सरकार' असं होतं. पहिल्या महायुद्धात जवळच ग्रेटना इथे दारूगोळ्याचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. हजारो कामगार पगार हातात पडला की कार्लाइलला यायचे आणि शहराची दाणादाण उडायची. १९१५मध्ये ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांनी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि दारू अशा तीन शत्रूंमध्ये दारूला सर्वांत मोठा शत्रू ठरवलंच होतं. पबांच्या वेळा छाटल्या गेल्या, मित्राला दारू पाजण्यावरही काही काळ बंदी आली. १९१६मध्ये सरकारने कार्लाइल परिसरातल्या ब्रुअऱ्या आणि पब सरळ ताब्यात घेतले. पुष्कळ पब बंद केले, उरलेल्यांत पगारी व्यवस्थापक नेमले, म्हणजे जास्त बिअर खपवण्यात त्यांचा काही फायदा नाही. जेवण ठेवलं, बसायला खुर्च्या दिल्या, हॅरी रेडफर्न नावाच्या वास्तुविशारदाकडून नवे पब बांधून घेतले. युद्ध संपलं, ही व्यवस्था मात्र सत्तरच्या दशकापर्यंत चालली. स्टेशनजवळच रेडफर्नने बांधलेलं 'द कंबरलंड इन' आहे, लाकूडकाम बघण्यासारखं.

"तोट्यात असेल," मामा खात्रीने म्हणाले. नव्हती, ही योजना सरकारला नफा मिळवून देत होती. ते त्यांना पटलेलं दिसलं नाही.

शनिवार, हेस्केट न्यूमार्केट

हे गाव लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर टोकाला. बसच्या भरवशावर राहू नका. आम्ही कार्लाइलहून जाऊन-येऊन टॅक्सी ठरवली. खेड्यातले पब सोमवार-मंगळवारी किंवा दुपारी बंद असू शकतात, निघण्याआधी फोन करावा.

हिरवळीचा लांबट पट्टा, दोन्ही बाजूंना दगडी घरं, मधोमध 'द ओल्ड क्राउन'. १९८८मध्ये पबामागच्या गोठ्यात छोटी ब्रुअरी सुरू झाली. १९९९मध्ये ती गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतली आणि २००३मध्ये पबही. सहकारी मालकीचा ब्रिटनमधला हा पहिला पब. हिमालयात चढाया केलेले क्रिस बॉनिंग्टन याच परिसरातले, तेही या सहकारात सामील झालेले. बिअरची नावं आसपासच्या डोंगरांची, स्किडॉ, हेल्व्हेलिन वगैरे. एक मात्र डोरिस आजींच्या नव्वदाव्या वाढदिवसाची. मी तीच घेतली. फळांच्या वळणाची, जरा गोडसर, शेकोटीपाशी बसून प्यायला छान.

बाहेर वारा सुटला होता, आत जेमतेम पंधरा माणसं. बारशी बसलेल्या एका सभासद आजोबांनी सांगितलं, भाग कमी घ्या की जास्त, मत एकच. हे ऐकताच मामा ताठ बसले. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जिथे अडेल तिथे माझा हात दाबून, त्यांनी प्रवरानगरच्या साखर कारखान्याचा इतिहास सांगायला घेतला: विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, भाग घ्यायला न धजणारे शेतकरी. आजोबांनी मध्येच विचारलं, "तुमच्याकडे निवडणुका कशा होतात?"

मामांनी लाइम-सोड्याचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. "सई, यांना पॅनेल कसं समजवायचं गं?"

मी प्रयत्न केला. जेवणावळी, सहली, आदल्या रात्रीच्या बैठका. बारवाली पेला पुसता पुसता थांबली. आजोबा म्हणाले, इथे दरवर्षी समितीवर यायला कुणी तयार होत नाही, धरून आणावं लागतं. "धरून!" मामा म्हणाले, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाईंकडे वळून त्यांनी थकबाकीची चौकशी सुरू केली. टॅक्सीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला, तिसऱ्यांदा आत आला आणि पेला मागवून शेकोटीशी बसला. कॉफीचा.